पोरांना हरायला सामने तरी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ओक्लाहोमा सिटी थंडर या संघाने २२ जून २०२५ रोजी अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात इंडियाना पेसर्सला १०३-९१ असे हरवून एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे विजेतेपद घेतले. तेव्हापासून आपल्याकडे या संघाविषयी जे काही छापून येते त्याचा सूर बहुधा एकच असतो: पंचविशीतली पोरे, बघता बघता शिखरावर पोचली. पोरे तरुण होती हे खरे. ‘बघता बघता’ हे मात्र खरे नाही. सातारा जिल्ह्यात बास्केटबॉल खेळणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांना या संघाकडून काही घ्यायचे असेल तर ते नेमके इथेच आहे, म्हणून हे पत्र.

या संघाचे विजय ओळीने मांडा. २०२०-२१ मध्ये ७२ सामन्यांत २२. २०२१-२२ मध्ये ८२ सामन्यांत २४. पुढच्या वर्षी ४०, मग ५७, मग ६८. यातल्या दुसऱ्या हंगामात, २ डिसेंबर २०२१ रोजी, मेम्फिसच्या संघाने त्यांना १५२-७९ असे लोळवले. ७३ गुणांचा फरक. एनबीएच्या इतिहासातला सर्वात मोठा पराभव. संघाचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर त्या रात्री खेळत नव्हता, पण म्हणून आकडा काही पुसला जात नाही. एवढ्या नामुष्कीनंतरही प्रशिक्षक मार्क डेगनॉल्ट यांना कोणी हात लावला नाही. लू डॉर्ट आणि ॲरन विगिन्स तेव्हाही संघात होते, विजेतेपदाच्या वेळीही होते. आणि २० एप्रिल २०२५ रोजी, प्ले-ऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच सामन्यात, याच संघाने त्याच मेम्फिसला १३१-८० असे ५१ गुणांनी हरवले.

उसळी मारली ती खरे तर त्याआधीच्या, म्हणजे २०२३-२४ च्या हंगामात. ५७ विजय, पश्चिम विभागात पहिला क्रमांक. असे अव्वल मानांकन मिळवणारा तो आजवरचा सर्वात तरुण संघ ठरला. त्याची बांधणी मात्र २०१९ पासून चालली होती. त्या वर्षी पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे देऊन गिल्जस-अलेक्झांडर आणि पुढच्या वर्षांच्या ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवे खेळाडू वाटून घेण्याच्या वार्षिक निवडीतल्या, पहिल्या फेरीच्या निवडींचा गठ्ठा घेतला. त्यातल्याच एका निवडीतून २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स आला. डॉर्टला ड्राफ्टमध्ये कोणी घेतलेच नव्हते, विगिन्स ५५ वा होता, आयझेया जो याला फिलाडेल्फियाने सोडून दिले होते. स्वतः डेगनॉल्ट पाच वर्षे याच संस्थेच्या दुसऱ्या फळीच्या संघाला शिकवत होते. दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला चेट होमग्रेन ऑगस्ट २०२२ मध्ये पायाच्या दुखापतीने पूर्ण हंगाम बाहेर बसला. त्याला घाईने उतरवले नाही. पुढच्या हंगामात तो ८२ पैकी ८२ सामने खेळला.

त्या उसळीच्या वर्षाचा शेवटही पराभवानेच झाला. दुसऱ्या फेरीत डॅलसने ४-२ असे बाहेर काढले. दोन दुखणी उघडी पडली होती: रिबाऊंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचे परत येणारे चेंडू, हातात येत नव्हते, आणि जॉश गिडी बाहेरून शॉट मारू शकत नाही हे ओळखून डॅलस त्याला मोकळा सोडून बाकीच्या चौघांना पाच जणांनी घेरत होते. त्या उन्हाळ्यात गिडीच्या बदल्यात ॲलेक्स करूसो आणला आणि रिबाऊंडसाठी आयझेया हार्टेन्स्टाइन. म्हणजे हरून काय कळले ते कागदावर उतरले, आणि तेवढीच दुरुस्ती झाली. बाकी संघ तोच राहिला.

आता आपल्याकडे पाहा. १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धा बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने होतात. ऐन पावसाळ्यात संघ जमवायचा, पंधरा दिवस सराव करायचा, तोही कोर्ट कोरडे असेल त्या दिवशी. पहिल्या फेरीत हरलेल्या शाळेचे वर्ष तिथेच संपले. चाळीस मिनिटांचा एक सामना, त्यात राखीव पोराच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे. पुढच्या वर्षी निम्मी पोरे वयोगटाबाहेर गेलेली असतात, क्रीडाशिक्षक पुन्हा ‘ड्रिबल कसा करायचा’ पासून सुरू करतात. थंडरला एका हंगामात ५८ वेळा हरता आले. आपल्या पोराला दहावी होईपर्यंत दहा वेळासुद्धा हरायला मिळत नाही, आणि मग आपण म्हणतो की या पोरांत दम नाही.

ही गोष्ट साताऱ्याला वेगळी समजावून सांगायला नको. तालमीत नवखा पोरगा रोज संध्याकाळी आठ-दहा वेळा पाठ टेकून घेतो. वस्ताद त्याला घरी पाठवत नाहीत, उलट उद्या त्याच जोडीदाराबरोबर पुन्हा धरायला लावतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. कांस्यपदक मिळाले ते १९५२ मध्ये, हेलसिंकीला. मधली चार वर्षे सराव आणि कुस्त्या चालूच होत्या. कुस्तीत आपण जे पिढ्यान् पिढ्या करत आलो ते बास्केटबॉलमध्ये का करत नाही?

माझी मागणी एकच आहे. शालेय स्पर्धा शासनाच्या नियमाने जशा व्हायच्या तशा होऊ द्या. त्याशिवाय सातारा, कराड, वाई, कोरेगाव, फलटण, पाचगणी या पट्ट्यातल्या शाळांची साखळी स्पर्धा सुरू करा. सहा संघ, एक कोर्ट, दहा रविवार. याला मोठा निधी लागत नाही, वेळापत्रक लागते.

सहा संघांचे वेळापत्रक असे निघते. पहिल्या रविवारी १ विरुद्ध ६, २ विरुद्ध ५, ३ विरुद्ध ४. एक नंबर जागेवर ठेवायचा आणि बाकीचे पाच एकेक घर पुढे सरकवायचे: दुसऱ्या रविवारी १ विरुद्ध ५, ६ विरुद्ध ४, २ विरुद्ध ३. पाच रविवारी प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना होतो. पुन्हा तेच फिरवले की दहा रविवारी तीस सामने, प्रत्येक संघाला दहा. एका हंगामात दहा सामने हा आकडा आज जिल्ह्यातल्या बहुतेक शालेय संघांना स्वप्नवत आहे.

सामना पूर्ण नियमाने, चार वेळा दहा मिनिटे आणि प्रत्येक शिट्टीला घड्याळ थांबवून खेळवला तर दीड तास जातो. तीन सामन्यांत दुपार होते, पोरे उन्हात वाळतात. म्हणून क्वार्टर आठ मिनिटांचे ठेवा आणि घड्याळ फक्त टाइम-आऊट, फ्री थ्रो आणि शेवटच्या क्वार्टरची शेवटची दोन मिनिटे एवढ्यासाठीच थांबवा. तासाभरात सामना आटोपतो. साडेसात, पावणेनऊ, दहा अशा वेळा धरल्या की अकराला मैदान मोकळे. सातचा हट्ट धरू नका. डिसेंबरात रंगवलेल्या सिमेंटवर सकाळी दव असते. ते डोळ्यांना दिसत नाही, पहिल्या वळणावर पाय गेल्यावर कळते. गोणपाट किंवा जुनी चादर पाण्यात न भिजवता कोर्टभर ओढून घेतली की काम भागते.

गुणतक्त्यासाठी फिबाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचीच पद्धत वापरा: जिंकल्यास २ गुण, हरल्यास १, न आल्यास ०. हरूनही गुण मिळतो याचे पोरांना नवल वाटते, पण जगभरातल्या साखळी स्पर्धांत तसेच चालते. मैदानात उतरून हरणाऱ्याला आणि घरी बसणाऱ्याला एका मापाने मोजत नाहीत. दोन संघांचे गुण सारखे झाले तर आधी त्यांच्या आपसातल्या सामन्यांचा निकाल पाहायचा.

यात मी दोन नियम हट्टाने घालेन. पहिल्या क्वार्टरमध्ये पाच जण आणि दुसऱ्यात दुसरे पाच, दुखापत सोडली तर बदली नाही. मध्यंतरानंतर प्रशिक्षकाला हवे ते करू द्या. याने प्रत्येक संघातली दहा पोरे दर रविवारी किमान आठ मिनिटे सलग खेळतात. सुरुवातीला शिक्षक कुरकुर करतील, कारण त्यांचे दोन-तीन मोहरे बाहेर बसतील. पण पुढच्या वर्षी संघ उभा करायचा तर राखीव पोरांतूनच करायचा असतो. दुसरा नियम १४ वर्षांखालच्यांसाठी: झोन बचाव, म्हणजे जागा राखणे, नाही; मॅन-टू-मॅनच, म्हणजे ज्याने त्याने आपला माणूस धरायचा. या वयात लांबून शॉट मारायची ताकद नसते, त्यामुळे पाच जण रिंगखाली गर्दी करून उभे राहिले की सामना जिंकता येतो. जिंकणारा त्यातून काही शिकत नाही. तीच पोरे १७ च्या गटात गेली की समोरचा बाहेरून मारतो आणि यांना माणूस कसा धरायचा हेच माहीत नसते.

टेबलावर मोठी माणसे बसवायची गरज नाही. दुसऱ्या सामन्यातल्या संघांनी पहिल्याला दोन-दोन पोरे द्यायची, पहिल्यातल्यांनी दुसऱ्याला, आणि तसेच पुढे. एक स्कोअरशीट, एक घड्याळ, एक चोवीस सेकंद (एका ताब्यात शॉट मारायची मुदत), एक चुकांची वही. स्कोअरशीट शिकायला अर्धा तास पुरतो: मैदानी गोलला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव टिंब, थ्री-पॉइंटरला खेळाडूच्या नंबराभोवती गोल, क्वार्टरमधल्या पाचव्या सांघिक फाऊलपासून दोन फ्री थ्रो. चोवीस सेकंदांचे विजेचे घड्याळ नसले तरी अडत नाही. मोबाइलवर वेळ लावून ‘दहा’ आणि ‘पाच’ एवढे मोठ्याने पुकारले की चालते. आक्रमक संघाने रिंगला लागलेल्या शॉटचा रिबाऊंड परत घेतला तर चोवीस नव्हे, चौदा द्यायचे. इथे हमखास चूक होते.

मघाशी म्हटलेली चुकांची वही, ती थंडरची खरी शिकवण. २०२४-२५ मध्ये प्रतिस्पर्ध्याला सर्वाधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणे) करायला लावणारा संघ हाच, आणि स्वतः सर्वात कमी करणाराही हाच. समोरच्याचे सामन्यामागे १७ च्या आसपास, स्वतःचे १२ च्या आत. म्हणजे दर सामन्यात पाच ताबे जास्तीचे, शॉट कसा बसतो हा प्रश्न येण्याआधीच. हे मोजायला संगणक लागत नाही. वहीचे पान आडवे धरून चार रकाने पाडा: चुकलेला पास, हिसकावलेला ड्रिबल, स्टेप (चेंडू घेऊन जास्तीची पावले) किंवा डबल (थांबून पुन्हा ड्रिबल), संपलेली वेळ. जो चुकला त्याचा नंबर त्या रकान्यात. तीन सामन्यांनंतर पान स्वतःच बोलू लागते. पास चुकत असतील तर देणाऱ्याला ओरडण्याआधी घेणारा पाहा. तो जागेवर उभा राहून चेंडूची वाट पाहतो, बचाव करणारा त्याच्या पुढून हात घालतो. दोन पावले चेंडूकडे येऊन घ्यायची सवय लावली की निम्मे दुखणे जाते. स्टेप जास्त असतील तर धावता धावता पास घेऊन एकदम थांबण्याचा सरावच झालेला नसतो. दोन्ही पाय एकाच वेळी टेकवून थांबायचे, म्हणजे कोणताही पाय पिव्होट, म्हणजे जागेवर रोवून वळण्याचा पाय, धरता येतो. रोज वीस वेळा, चेंडूशिवाय आणि चेंडूसह.

थंडरचा बचाव पाहताना हवेतल्या ब्लॉककडे पाहू नका, पावलांकडे पाहा. मोकळ्या शूटरकडे धावत जाऊन त्याला अडवायचे, याला क्लोज-आऊट म्हणतात. अंतर समजा सहा मीटर आहे. पहिले चार मीटर पूर्ण वेगाने, शेवटचे दोन आखूड आणि भरभर पावलांनी. कंबर खाली, वजन चवड्यांवर, एक हात चेंडूच्या उंचीला, आणि शूटरपासून हातभर अंतरावर थांबायचे. आपली पोरे सहाही मीटर एकाच झोकात धावतात आणि पोचताच उडी मारतात. समोरच्याने चेंडू नुसता खांद्यापर्यंत उचलला की हा हवेत, आणि तो शेजारून ड्रिबल घेऊन आत. मग दुसरा मदतीला धावतो, त्याचा माणूस सुटतो, त्याला धरायला तिसरा. एका उडीपायी पाचही जणांची घडी विस्कटते. सरावासाठी एक रांग रिंगखाली, दुसरी थ्री-पॉइंट रेषेवर ४५ अंशांत. रिंगखालच्याने पास द्यायचा आणि पासामागोमाग धावायचे. प्रशिक्षकाने डोळे मिटून ऐकले तरी चालते: शेवटच्या दोन मीटरला बुटांचा टपटपटप असा दाट आवाज आला तर बरोबर. एकच लांब ‘सर्र’ ऐकू आला तर पोर घसरत थांबले, आणि समोरचा त्याच्या पुढे गेला.

रिबाऊंडचेही तसेच. उंची कमी म्हणून रिबाऊंड जातात असे मानण्याआधी शॉट सुटताना आपली पोरे कुठे पाहतात ते बघा. सगळी वर, चेंडूकडे. आधी आपला माणूस शोधायचा, वळून त्याला पाठीने अडवायचे, धक्का जाणवला की मग चेंडू. इतकेच.

साधनांविषयी थोडक्यात. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर हवी. कोर्टवर नव्याने सिमेंटचा थर चढला की ती तेवढी बुटकी होते, आणि कोणी मोजत नाही. लोंबकळून पुढे झुकलेली रिंग गवंड्याच्या पाणसळीने पाच मिनिटांत कळते. अशा रिंगवर चांगले शॉटही पुढच्या कडेवर आपटून परत येतात आणि पोरे विनाकारण शॉटचा हात बदलतात. मुलींना आणि लहान मुलांना सात नंबरचा चेंडू देऊ नका. मुलींसाठी सहा, बारा वर्षांखाली पाच, आणि शक्य तिथे रिंग २.६० मीटरवर. जड चेंडू उंच रिंगपर्यंत पोचवायला पोर कमरेपासून दोन्ही हातांनी ढकलते, ती सवय पुढे वर्षानुवर्षे सुटत नाही. सिमेंटवर रबरी चेंडूच टिकतो, कातडी महिनाभरात सोलतो. हवा चेंडूवर छापलेली असते तेवढीच भरा, बहुधा ७ ते ९ पाउंड. पंपाची सुई ओली करून घाला, नाहीतर झडप फाटते.

खांबाबाबत मात्र थोडक्यात बोलून चालणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात रोहतक जिल्ह्यात सोळा वर्षांचा खेळाडू एकटा सराव करत असताना रिंगला लटकला, खांब त्याच्या अंगावर कोसळला आणि तो गेला. लोखंडी खांब कुजतो तो जमिनीला चिकटून, पावसाचे पाणी साचते त्या चार बोटांत. वरून रंग ताजा असतो. तारेच्या ब्रशने तिथला रंग खरवडून हातोडीने ठोका. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर त्या रिंगवर खेळ त्याच दिवशी बंद करा. पायातले बोल्ट पान्याने फिरवून पाहा, नट हाताने फिरत असेल तर तो धरतच नाही. बोर्ड अंतिम रेषेच्या १.२० मीटर आत हवा आणि खांब रेषेच्या मागे, त्याला माणसाच्या उंचीपर्यंत गादी गुंडाळलेली. वेगात ले-अप, म्हणजे धावत रिंगखाली जाऊन शॉट, मारणारे पोर थेट खांबावरच जाते. दर पावसाळ्यानंतर ही तपासणी लेखी नोंदवून ज्यांच्या ताब्यात कोर्ट आहे त्यांनी फलकावर लावावी.

दुखापतीबाबत आपल्याकडे फार घाई होते. घोटा मुरगळला की क्रेप बँडेज बांधून दुसऱ्या दिवशी उतरवतात, कारण दुसऱ्या दिवशीच सामना असतो आणि हरलो तर वर्ष संपते. बाद पद्धतीचा हा सर्वात वाईट परिणाम. पोराला त्या पायावर चार पावले टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढाच. परत उतरवण्याआधी त्याच एका पायावर दहा उड्या मारायला लावा आणि दुसऱ्या पायाशी तुलना करा. दोन्ही सारख्या जमत नसतील तर आणखी थांबा. त्या अंतिम मालिकेत इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन पोटरी दुखावलेली असतानाही खेळत राहिला आणि सातव्या सामन्यात त्याच्या टाचेची कंडरा (ॲकिलीस टेंडन) तुटली. तो व्यावसायिक, प्रौढ खेळाडू. निर्णय त्याचा होता. चौदा वर्षांच्या मुलाचा निर्णय आपण घेतो. साखळीत एक रविवार चुकला तर पुढचा रविवार असतो.

प्रवासाची अडचण सांगितली जाईल. पण सहा संघांसाठी दर रविवारी एकाच ठिकाणी तिन्ही सामने ठेवले, आणि पाच रविवार साताऱ्यात, पाच कराड किंवा वाईत वाटून घेतले, तर भार समान होतो. मुलींना एसटीत निम्मे तिकीट आहे. निवासी शाळांकडे कोर्ट आहेत, रविवारी सकाळी ती बहुधा रिकामीच असतात.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सुरुवात केली तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दहा रविवार मिळतात, बोर्डाच्या परीक्षांच्या आधी. त्यासाठी नोव्हेंबरातच सहा क्रीडाशिक्षकांनी एका टेबलावर बसून तारखा ठरवायला हव्यात, आणि खांबांवर हातोडी त्याच्याही आधी पडायला हवी. आपल्या वृत्तपत्राने दर सोमवारी तिन्ही सामन्यांचे गुण आणि तक्ता एवढी चार ओळींची जागा द्यावी, ही विनंती. तळाच्या संघाचे नावही त्यात छापावे.

आपला,
एक बास्केटबॉल प्रशिक्षक, सातारा